जुन्या झेनमध्ये सिंथेटिक ऑईल टाकायचंय? आधी टॅपेट कव्हर उघडून बघा

विचारलंय ते थोडक्यात असं. २००३ ची मारुती झेन, पेट्रोल एमपीएफआय (कार्ब्युरेटरची नाही, इंजेक्शनची), १ लाख ३५ हजार किलोमीटर झालेली, वडिलांनी नवी घेतलेली आणि आजपर्यंत कायम २०डब्ल्यू-५० मिनरल ऑईलवर चाललेली. मित्र म्हणतोय फुल सिंथेटिक टाक, इंजिन मऊ चालेल, अ‍ॅव्हरेज वाढेल. नेहमीचे मिस्त्री म्हणतायत अजिबात टाकू नको, सिंथेटिक पातळ असतंय, सगळीकडनं गळायला लागेल. रोजचं चालणं कोल्हापुरात राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी, आणि अधनंमधनं गगनबावड्यावरनं कोकणात. शेवटी असंही विचारलंय की गिअरबॉक्समध्ये पण सिंथेटिक टाकू का.

भावा, टाकता येतंय. सिंथेटिकनं जुनं इंजिन खराब होत नाही. पण तुझ्या गाडीत टाकावं का, हे ऑईलच्या डब्यावर वाचून कळणार नाही, इंजिन आतनं कसं आहे ते बघितल्यावरच कळेल, आणि त्यासाठी सगळं इंजिन खोलायची गरज नाही, इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, काढलं तरी बास. मी उद्यमनगरच्या बाजूला इंजिनचीच कामं करतो, जुन्या मारुती, इंडिका, सुमो, जीप, एखादी अँबॅसिडर असलंच जास्त येतंय, आणि हा प्रश्न घेऊन येणारे लोक दर आठवड्याला असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'पातळ' या शब्दाचा निकाल लावू, कारण सगळी गडबड तिथं आहे. ऑईल जाड की पातळ हे ग्रेड (डब्यावरचा २०डब्ल्यू-५० सारखा आकडा) ठरवते, सिंथेटिक की मिनरल हे ठरवत नाही. सिंथेटिकमध्ये पण २०डब्ल्यू-५० मिळतंय आणि ते गरम इंजिनात तुझ्या मिनरल २०डब्ल्यू-५० एवढंच जाड असतंय, कारण शेवटचा ५० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीवरनं येतो आणि तो मोजायचा नियम दोघांना एकच आहे. त्या मापात (सेंटिस्टोक हे एकक) ३० ग्रेड ९.३ ते १२.५ मध्ये बसते, ४० ग्रेड १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० ग्रेड १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे ५० वरनं थेट ३० वर उडी मारलीस तर गरम इंजिनात ऑईलची जाडी जवळपास निम्म्यावर येणार. मग लोकांचं होतं काय, की दुकानात 'सिंथेटिक द्या' म्हटलं की समोरचा नवीन गाड्यांना चालणारं ५डब्ल्यू-३० नाहीतर ०डब्ल्यू-२० काढून देतो, ते १ लाखाच्या वर चाललेल्या झिजलेल्या इंजिनात पडतं, गाडी तापल्यावर सिग्नलला उभी राहिली की ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो, टॅपेटचा आवाज वाढतो, आणि दोष सिंथेटिकच्या नावावर जातो. तुझ्या मिस्त्रींनी असल्या चार गाड्या बघितल्या असणार, त्यांचा अनुभव खोटा नाही, फक्त कारण ग्रेडमध्ये आहे.

आता सिंथेटिक म्हणजे नेमकं काय. ऑईलच्या डब्यात तीन-चतुर्थांशाच्या वर बेस ऑईल असतं आणि बाकी अ‍ॅडिटिव्ह. अमेरिकेच्या एपीआय संस्थेनं बेस ऑईलचे पाच गट केलेत. पहिले दोन म्हणजे आपलं नेहमीचं मिनरल. तिसरा गट पण क्रूडपासूनच निघतो, पण त्याच्यावर हायड्रोजननं इतकी प्रक्रिया केलेली असते की त्यातलं सल्फर आणि खराब रेणू जवळजवळ निघून जातात. चौथा म्हणजे पीएओ, हा कारखान्यात रेणू जोडून बनवतात, आणि पाचव्यात एस्टर वगैरे बाकी सगळं. आज दुकानात 'फुल सिंथेटिक' म्हणून जे मिळतंय त्यातलं बरंच तिसऱ्या गटाचं असतंय. १९९९ मध्ये अमेरिकेत यावरनं दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला होता, की क्रूडपासून निघालेल्याला सिंथेटिक म्हणायचं का, आणि निकाल म्हणता येतं असा लागला. त्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, तिसऱ्या गटाचं ऑईल खरंच चांगलं असतंय. पण 'सिंथेटिक टाकलं की इंजिन बाद होतं' असं जे लोक म्हणतात त्यांना हे माहीत असावं, की त्या डब्यातलं बरंचसं तेल जमिनीतनंच आलेलं आहे.

फायदा कुठं होतो? एक म्हणजे ते तापलं तरी लवकर करपत नाही, म्हणून चिकट थर कमी बसतात. दुसरं, थंडीत फार जाड होत नाही. पण इथं कोल्हापूरचं हवामान लक्षात घे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १२-१४ अंशाला गाडी सुरू करायची वेळ येते, त्याच्या खाली क्वचित. ग्रेडमधला डब्ल्यूचा आकडा थंडीतल्या जाडीचा असतो. २०डब्ल्यूचं ऑईल पंपाला ओढता येतंय का याची चाचणी शून्याखाली २० अंशाला घेतात, म्हणजे रंकाळ्यावर कितीही धुकं पडलं तरी तुझ्या इंजिनाला ऑईल मिळणार नाही असं काही होत नाही. मिळतं, पण सावकाश मिळतं, हे खरं. ४० अंशाला २०डब्ल्यू-५० ची जाडी दीडशेच्या वर असते आणि १०डब्ल्यू-४० ची साधारण शंभराच्या आसपास, पहाटेच्या गारठ्यात हा फरक आणखी वाढतो, आणि सुरू केल्याकेल्या पहिल्या काही सेकंदांत वर कॅमपर्यंत (व्हॉल्व उघडणाऱ्या शाफ्टपर्यंत) ऑईल पोचायला जो वेळ लागतो तो कमी झाला तर झीज कमी होते. जुन्या साध्या पेट्रोल गाडीला सिंथेटिकचा मला दिसणारा खरा फायदा एवढाच आहे, आणि तो छोटा नाही. टर्बोच्या गाडीची गोष्ट वेगळी, तिथं टर्बोच्या बेअरिंगपाशी ऑईल भाजून निघतं, तिथं सिंथेटिकचा फायदा जास्त.

गळतीचं सांगतो, कारण भीती सगळी तिचीच. तिच्यात तथ्य आहे. १९७४ साली अमेरिकेत मोबिल वन आलं, त्या दशकातल्या सुरुवातीच्या सिंथेटिक तेलांत रबरी सील आकसायचे आणि गाड्या गळायच्या. पीएओचा गुणच असा, की त्यानं रबर थोडं आकसतं, आणि एस्टरनं फुगतं. नंतर दोन्हीचं प्रमाण जुळवून आणि सीलसाठी वेगळं अ‍ॅडिटिव्ह घालून हा प्रश्न सुटला, आज मान्यताप्राप्त ऑईल बाजारात यायच्या आधी त्याची रबरावर चाचणी होते. तरीपण २० वर्षांच्या गाडीत सिंथेटिक टाकल्यावर गळती सुरू झालेली दिसते, ती दुसऱ्या कारणानं. इतकी वर्षं उष्णतेनं ते नायट्राईल रबराचं सील आधीच कडक झालेलं असतं, त्याची ओठासारखी कड शाफ्टवर दाबून बसत नसते, आणि त्या फटीत जुन्या ऑईलचा काळा चिकट गाळ लिंपल्यासारखा बसलेला असतो. नवीन ऑईलमधलं डिटर्जंट तो गाळ हळूहळू धुवून काढतं आणि फट उघडी पडते. म्हणजे सील आधीच गेलेलं असतं, ऑईलनं ते फक्त दाखवून दिलं. चांगल्या प्रतीच्या मिनरलनं पण हे होऊ शकतं, जरा उशिरा.

म्हणून म्हणतो आधी बघ. रविवारी सकाळी गाडी थंड असताना ऑईल भरायचं झाकण काढ आणि उलटं करून बघ. आतनं पिवळट-तपकिरी चकाकी असेल तर छान. काळा, बोटानं खरवडला तर निघणारा थर असेल तर आत पण तेच आहे. दुधाळ पिवळट फेस दिसला तर पाणी आहे, पण घाबरू नको, रोजच्या छोट्या फेऱ्यांत गाडी नीट तापत नाही आणि वाफ झाकणापाशी गार होऊन ऑईलमध्ये मिसळते, पावसाळ्यात तर हे फार दिसतं. डिपस्टिकवर पण तसंच दुधाळ दिसलं तरच हेडच्या पॅकिंगचा संशय घ्यायचा. (२०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी असलेली गाडी कुणी सेकंडहँड घेतली असेल तर त्यानं इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचं ऑईल पण उघडून बघावं, गिअरबॉक्सच्या ब्रिदरमधनं (हवा जायच्या भोकातनं) पाणी आत जातं आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.)

मग टॅपेट कव्हर. झेनचं कव्हर काढायला अवघड नाही, पॅकिंग मात्र नवीनच घालायचं, जुन्यावर शिलंट फासून बसवू द्यायचं नाही. कव्हर निघालं की कॅमशाफ्ट आणि रॉकर समोर दिसतात. नीट ठेवलेल्या गाडीत सगळ्या धातूवर मधाच्या रंगाची पातळ छटा असते, ती चालते, तिला कुणी खरवडायला जायचं नाही. पण हेडच्या कोपऱ्यात, ऑईल खाली चेंबरमध्ये (ऑईल साठतं त्या तळाच्या भांड्यात) परत जायची जी भोकं असतात तिथं काळा लगदा साचलेला असेल, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर उचलून येत असेल, तर मामला वेगळा. तो लगदा एकदम सुटला तर खाली चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो, पंपाला ऑईल ओढता येत नाही आणि मग खरंच इंजिन जाम होतं. सिंथेटिकमुळं इंजिन गेलं असं जे ऐकायला मिळतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी झालेलं असतं ते हे.

कव्हर उघडलंच आहे तर पीसीव्ही व्हॉल्व काढून हलवून बघ. खुळखुळ वाजला तर मोकळा, नाही वाजला तर तुंबलेला. हा व्हॉल्व आणि त्याची नळी तुंबली की पिस्टनच्या बाजूनं खाली उतरलेला गॅस बाहेर पडू शकत नाही, इंजिनाच्या आत दाब वाढतो आणि तो दाब ऑईलला मिळेल त्या सीलमधनं बाहेर ढकलतो. क्रँक सील बदलून पण परत गळतंय म्हणून आलेल्या गाड्यांत मी पहिल्यांदा हेच बघतो, कारण वस्तू स्वस्तातली असते आणि बहुतेक वेळा कुणी हात लावलेला नसतो.

नंतर चारही प्लग काढून कॉम्प्रेशन घे, म्हणजे सिलिंडरमधला दाब गेजनं मोज. गाडी गरम असताना, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चांगली असताना. मला तुझ्या गाडीत चारही सिलिंडरला १७० पीएसआयच्या वर आकडे हवेत आणि आपापसात फरक १५ च्या वर नको. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑईल घालून परत घ्यायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्वची बैठक नीट नाही.

धूर वाचायला शिक, ते गेजपेक्षा पण जास्त सांगतं. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर निळा धूर भपकन येऊन थांबतो, किंवा गगनबावड्याचा करूळ घाट उतरताना बराच वेळ अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरवर उतरलास आणि खाली येऊन परत पाय दिलास की मागं निळा ढग, तर व्हॉल्व सील गेलेत. तोच घाट चढताना, जोर लावताना धूर कायम सुटत असेल तर रिंग आणि बोअर. व्हॉल्व सीलचं काम फार खर्चाचं नाही, हेड न काढता पण प्लगच्या भोकातनं कॉम्प्रेसरची हवा देऊन व्हॉल्व वर धरून करता येतं. काढलेलं जुनं सील हातात घेऊन बघ, नवीन सील बोटात दाबलं की दबतं आणि परत येतं, जुनं प्लास्टिकसारखं कडक झालेलं असतं, नखानं दाबलं तर कडेला तडा जातो. हे एकदा हातात धरून बघितलं की मग ऑईल बदलून धूर थांबेल का असा प्रश्न माणूस विचारत नाही.

तर हे सगळं बघून झालं, आत स्वच्छ आहे, कॉम्प्रेशन चांगलं आहे, हजार किलोमीटरला ऑईल पाव लिटरच्या आत कमी होतंय, तर बिनधास्त सिंथेटिक १०डब्ल्यू-४० टाक. मी तुझ्या जागी असतो तर तेच टाकलं असतं. ५डब्ल्यू-३० नको, ०डब्ल्यू-२० तर विषयच नको, ती तेलं ज्या इंजिनासाठी बनवली त्यांच्या बेअरिंगमधल्या फटी आणि ऑईल पंप वेगळे असतात. थोडी गळती आहे, थोडा गाळ आहे पण कॉम्प्रेशन ठीक आहे, तर आधी पीसीव्ही, टॅपेट कव्हर पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग ही किरकोळ कामं करून घे, मग सेमी-सिंथेटिक १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० वर ये. आणि रिंग गेल्या असतील, दर हजाराला अर्धा-पाऊण लिटर ऑईल जळत असेल, तर महागडं ऑईल सायलेन्सरमधनं जाळण्यात अर्थ नाही, साधं चांगल्या कंपनीचं २०डब्ल्यू-५० चालू ठेव आणि पैसे इंजिन बांधायला बाजूला टाक. बोअर पिस्टनचं काम करायला कोल्हापूरसारखं गाव नाही, लेथपासून हेड ग्राइंडिंगपर्यंत सगळं एका हाकेच्या अंतरावर मिळतं, त्याचा फायदा घ्यावा.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गाळ दिसला की काही ठिकाणी रॉकेल नाहीतर डिझेल घालून इंजिन फ्लश करून देतात. ते करू देऊ नको. रॉकेलला वंगण म्हणून काही ताकद नाही, ते घालून इंजिन पाच-दहा मिनिटं चालवलं तर बेअरिंगवर धातूला धातू घासतो. वर ते सगळं खाली निथळत पण नाही, नळ्यांत आणि फिल्टरमध्ये थोडं राहतंच, आणि नवीन ऑईलमध्ये मिसळून त्याला पहिल्या दिवशीच पातळ करतं. शिवाय गाळ मोठ्या तुकड्यांत सुटतो, जाळीचं मघाशी सांगितलंच. त्यापेक्षा नवीन ऑईल आणि फिल्टर टाक, दीड-दोन हजार किलोमीटर चालव, काढून टाक, परत नवीन फिल्टरसकट भर, परत तीनेक हजाराला बदल. ऑईलमधलं डिटर्जंट त्याच्या गतीनं साफ करत राहतं आणि गाळ बारीक होऊन फिल्टरमध्ये अडकतो. या पहिल्या एक-दोन बदल्यांना स्वस्तातलं मिनरल १५डब्ल्यू-४० चालतं, तेच काम करतं. गाळ फारच असेल तर चेंबर खोलून जाळी धुवून घेणं सगळ्यात बरं, चेंबरचं पॅकिंग बदलायचा खर्च येतो पण झोप शांत लागते.

मिसळण्याबद्दल पण लोकांत भीती आहे, मिनरलवर सिंथेटिक पडलं की आत जेली होते म्हणून. होत नाही. एपीआय मान्यतेची तेलं एकमेकांत मिसळतात, तशी अटच आहे. बदलताना थोडं जुनं ऑईल आत राहतंच, त्यानं काही बिघडत नाही. प्रवासात कमी पडलं तर जे मिळेल ते त्याच ग्रेडच्या जवळचं टाकून घरी ये, ऑईलशिवाय चालवण्यापेक्षा कधीही चांगलं.

डब्यावर बघायचं ते एपीआयचं अक्षर. पेट्रोलला एस पासून सुरू होतं, एसएल २००१ चं, एसएम २००४ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, पुढचं मागच्याची जागा घेतं. तुझ्या गाडीला एसएन किंवा एसपी दोन्ही चालतं. जुन्या इंजिनाच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, झिंक-फॉस्फरसचं एक अ‍ॅडिटिव्ह असतं, झेडडीडीपी, जे कॅम आणि रॉकर एकमेकांवर घासतात तिथं संरक्षक थर बनवतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून नवीन पातळ तेलांत फॉस्फरसवर ८०० पीपीएमची मर्यादा आलीय, पण ती ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असल्या ग्रेडना लागते, ४० आणि ५० च्या ग्रेडना नाही. म्हणजे १०डब्ल्यू-४० घेण्यात हा पण एक फायदा आपोआप मिळतो. अँबॅसिडर, जुनी जीप, पद्मिनी असल्या पुशरॉडच्या (कॅम खाली ब्लॉकमध्ये असलेल्या) गाड्यांना तर हे जास्त महत्त्वाचं, त्यांना मी २०डब्ल्यू-५० सोडून काही सुचवत नाही. जुन्या इंडिका-सुमो डिझेलला डब्यावर सीआय-४ (डिझेलचा एपीआय दर्जा) किंवा त्याच्या पुढचं, १५डब्ल्यू-४०, बास, पेट्रोलचं भारी सिंथेटिक त्यात घालायचं नाही, डिझेलच्या काजळीला धरून ठेवणारं अ‍ॅडिटिव्ह त्यात पुरेसं नसतं. आणि उरलेलं कारचं ऑईल घरच्या मोटरसायकलला घालू नको, तिचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडलेला असतो आणि घसरायला लागतो, तिला जासो एमए (मोटरसायकलच्या ऑईलचा जपानी दर्जा) लिहिलेलंच लागतं.

सिंथेटिक टाकल्यावर लोक जी चूक करतात ती म्हणजे बदलायचा काळ लांबवतात. 'सिंथेटिक आहे, १० हजार चालतंय, कुणी १५ हजार पण म्हणतंय.' नवीन इंजिनात चालत असेल. तुझ्या झेनमध्ये रिंगच्या बाजूनं जळलेला गॅस आणि थोडं पेट्रोल खाली ऑईलमध्ये उतरतंच, ऑईल कितीही भारी असलं तरी ते घाण होतंच. त्यात राजारामपुरी ते शिरोली म्हणजे गाडी नीट तापेपर्यंत तू पोचतोस पण, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत जायचं म्हणजे मीटर फिरत नाही पण इंजिन चालू राहतं. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतंय. इथेनॉल पाणी धरतं, छोट्या फेऱ्यांत ते पाणी आणि न जळलेलं इंधन ऑईलमधनं उडून जायला वेळच मिळत नाही. म्हणून मिनरल असो की सिंथेटिक, या वापराला ५ हजार किलोमीटर किंवा सहा महिने, सिंथेटिकला फार तर ७ हजार किंवा वर्ष, जे आधी होईल ते. आणि दर पंधरवड्याला एकदा तरी गाडी हायवेला कागलच्या पुढं अर्धा-पाऊण तास सलग पळवून आण, आतलं पाणी उडून जातं.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट, जी तुझ्या गाडीत नक्की तपास. आपल्याकडं गाडी गरम होते अशी तक्रार आली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात, 'आपल्याकडं गरजच नाही' म्हणून. थर्मोस्टॅट नसेल तर रस्त्यावर हवा लागली की इंजिन कायम गार राहतं, टेंपरेचरचा काटा वर चढतच नाही, गाडी गार आहे असं समजून ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, ते खाली ऑईलमध्ये जातं, आणि गाळ होतो. मित्र अ‍ॅव्हरेजचं म्हणत होता ना, तर ऑईल बदलून २०डब्ल्यू-५० वरनं १०डब्ल्यू-४० वर आल्यानं अ‍ॅव्हरेजमध्ये किरकोळ फरक पडेल, जाणवेलच असं सांगत नाही. गेलेला थर्मोस्टॅट बसवल्यावर मात्र मालक स्वतःहून येऊन सांगतात की पेट्रोल कमी लागतंय.

गिअरबॉक्सकडं येतो. तिथं माझं उत्तर इंजिनापेक्षा सरळ आहे, टाक. फक्त जीएल-४ (गिअर ऑईलचा एपीआय दर्जा) लिहिलेलं टाक, ७५डब्ल्यू-९०. जीएल-५ नको. जीएल-५ मध्ये सल्फर-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह जास्त असतं, ते मागच्या चाकावर चालणाऱ्या गाडीच्या क्राऊन-पिनियनसाठी (मागच्या धुरीतल्या गिअरसाठी) असतं, तिथं दात एकमेकांवर सरकत दाबले जातात. झेनच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंग आहेत, त्या गिअरचा वेग जुळवायला घर्षणावर चालतात, जीएल-५ नं घर्षण कमी होऊन गिअर करकरतो आणि गरम झाल्यावर ते सल्फर पितळेला खातं. दुकानदार म्हणेल 'पाच म्हणजे चारपेक्षा वरचं आहे', ऐकायचं नाही. सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना अडतोय आणि दोन-चार किलोमीटरनंतर नीट होतोय, असं असेल तर सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० नं हमखास बरं वाटेल, कारण ८०डब्ल्यू-९० मिनरल थंड असताना जाड होऊन सिंक्रोला काम करू देत नाही. गरम गाडीत पण दुसरा करकरत असेल तर रिंगच झिजलीय, ऑईलनं ती परत येणार नाही. गिअरबॉक्सचं ऑईल काढताना ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघ, करड्या रंगाची बारीक पेस्ट असेल तर नेहमीची झीज, बोटाला टोचणारे कण असतील तर मिस्त्रीला दाखव. आणि भरायचा बोल्ट आधी उघडतोय का ते बघूनच खालचा काढ, जुन्या गाड्यांत वरचा जाम असतो आणि खालचा काढून बसलं की गाडी तिथंच.

खरेदी करताना डबा पक्क्या बिलावर, ओळखीच्या दुकानातनं. झाकणाची रिंग, सील, बॅच नंबर बघून घे, आणि ऑईल बदलून झाल्यावर रिकाम्या डब्याला भोक पाडून टाक, म्हणजे तो परत कुणी भरून विकणार नाही. काढलेलं काळं ऑईल गटारीत किंवा ओढ्यात ओतू देऊ नको, ते शेवटी पंचगंगेतच जातं, गॅरेजवाल्याकडं पिंपात जमा कर, जुनं ऑईल नेणारे परवानाधारक लोक असतात.

बदलताना गाडी गरम असताना काढ, फिल्टर नवीन, ड्रेन बोल्टचा वायसर नवीन, आणि डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये वरच्या बाजूला ठेव, वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही, जास्त झालं तर क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो आणि सीलवर दाब येतो. सिंथेटिक टाकल्यावर पहिले हजार किलोमीटर दर आठवड्याला सकाळी डिपस्टिक बघ आणि रात्री गाडी उभी करतोस तिथं खाली पुठ्ठा टाकून ठेव. थेंब कुठं पडलाय त्यावरनं कुठलं सील आहे ते कळतं, टायमिंग बेल्टच्या बाजूला पडला तर लगेच सांग, कारण त्या बाजूचं क्रँक किंवा कॅम सील गळून बेल्टवर ऑईल आलं तर बेल्ट खराब होतो, तिथं वाट बघत बसायचं नाही.

आधी कव्हर उघड, कॉम्प्रेशनचे चारही आकडे आणि थर्मोस्टॅट आहे का नाही ते कळव, मग १०डब्ल्यू-४० सिंथेटिक की आधी दोन बदल्या मिनरलच्या, ते पक्कं सांगतो.